उजवा खिसा जगाचा, डावा देशाचा

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात पोलीस, होमगार्ड, एनसीसी अशी पथकं पुढे गेली की मागून राखाडी शर्ट, गडद निळी पँट आणि गळ्यात रंगीत स्कार्फ अशी स्काउटची मुलं येतात. लांबून सगळी सारखीच दिसतात. जवळ गेलं की लक्षात येतं, इथला प्रत्येक शर्ट वेगळा आहे. एकाच्या बाहीवर बॅजची रांग, दुसऱ्याची बाही कोरी. कुणाच्या खिशावर जादा पट्ट्या, कुणाच्या खिशावर एकच चिन्ह. वाचता आलं, तर तो शर्ट त्या मुलाबद्दल सांगतो: शाळा कोणती, पथकात जबाबदारी काय, मजल कुठवर गेली, हाताला काय काय येतं. अट एवढीच, की प्रत्येक बॅज आपल्या जागी हवा. कोल्हापूर जिल्ह्यात शहरातल्या मोठ्या हायस्कुलांपासून चंदगड-आजऱ्याच्या शाळांपर्यंत स्काउट-गाइड चळवळ पोहोचलेली आहे, आणि जागा चुकण्याचे प्रकारही सगळीकडे तेच आहेत. म्हणून या छोट्याशा विषयाचा हा सविस्तर आढावा.

स्काउटांच्या बॅजवरच्या चिन्हाचा एक धागा भारतातूनच निघतो. १८९७ मध्ये मेरठला आलेल्या घोडदळाच्या पलटणीचे प्रमुख रॉबर्ट बेडन-पॉवेल टेहळणीचं शिक्षण घेतलेल्या शिपायांच्या दंडावर एक खूण लावू लागले. होकायंत्रावर उत्तर दिशा दाखवणारं, तीन पाकळ्यांचं ते चिन्ह. पुढे १९०७ मध्ये ब्राउन्सी बेटावर त्यांनी मुलांचं पहिलं शिबिर भरवलं आणि तेच चिन्ह स्काउटांचं झालं. १९०९ मध्ये बंगळुरूला भारतातलं पहिलं पथक उभं राहिलं, १९११ मध्ये जबलपूरला मुलींचं, म्हणजे गाइडांचं. पण सुरुवातीला भारतीय मुलांना त्यात प्रवेश नव्हता. म्हणून १९१६ मध्ये मद्रासला अ‍ॅनी बेझंट यांनी आणि त्यानंतर अलाहाबादला पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी आपल्या मुलांसाठी वेगळ्या संघटना काढल्या. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी हे प्रवाह एकत्र आले आणि भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था जन्मली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाइडही तिच्यात आल्या. नागपूरचे बॅरिस्टर आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले व्हिव्हियन बोस हे या चळवळीतलं मोठं नाव.

ही एकी आज मुलांच्या डाव्या खिशावर दिसते. खिशाच्या मधोमध सदस्यत्वाचा कापडी बॅज लागतो: हिरव्या जमिनीवर पिवळं चिन्ह, त्यात स्काउटांच्या तीन पाकळ्या, गाइडांचं त्रिदल आणि मधोमध अशोकचक्र. दीक्षाविधीत वचन घेतल्यावरच तो मिळतो. उजव्या खिशाच्या मधोमध येतो जागतिक बॅज. स्काउटचा असेल तर जांभळ्यावर पांढरा, भोवती दोरीचं कडं आणि त्या दोरीला खाली चौकोनी गाठ. गाइडचा असेल तर निळ्यावर सोनेरी त्रिदल. डावा खिसा देशाचा, उजवा जगाचा, एवढं मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलं की निम्म्या चुका तिथंच टळतात. डाव्या खिशावर उभ्या पट्ट्या दिसल्या तर तो मुलगा संघनायक (पथकातल्या छोट्या तुकडीचा, म्हणजे संघाचा प्रमुख) किंवा उपसंघनायक आहे असं समजावं. पट्ट्यांच्या संख्येवरून पद ओळखतात.

खांदा शाळेचा. दोन्ही खांद्यांच्या शिवणीवर पांढऱ्या पट्टीवर लाल अक्षरांत पथकाचं नाव येतं. पट्टी किंचित कमानदार असते, कारण ती शिवणीच्या वळणाबरोबर बसायची असते. सरळ कापडी पट्टी लावली की दोन्ही टोकं उचलली जातात. डाव्या खांद्यावर या पट्टीखाली संघाच्या रंगांच्या फिती येतात. गळ्यातला स्कार्फ पथकाचा. त्रिकोणी, दोन बाजू ७० ते ८० सेंटीमीटरच्या. हिरवा, जांभळा आणि पिवळा सोडून पथकाने कोणताही रंग निवडावा, मात्र वरच्या संघटनेची मान्यता घ्यावी. तो कॉलरवरून आणि खांद्यावरच्या पट्ट्यांच्या खालून घेऊन गळ्याशी वॉगलने, म्हणजे छोट्या कड्याने, आवळतात. पुष्कळ मुलं स्कार्फ खांदपट्ट्यांच्या वरून घेतात, मग धावताना तो पाठीवर फिरतो. नियम इथे सोयीतूनच आलेला आहे: हाच स्कार्फ मोडलेल्या हाताची झोळी होतो आणि जखमेवरची पट्टीही.

खरी गोष्ट बाह्यांवर लिहिलेली असते. डावी बाही वाटचालीची. प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार, असा हा चढ. बॅज खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर लागतो आणि पुढचा मिळाला की मागचा निघतो. इथेच घरोघरी गोंधळ होतो. पोराने मेहनतीने मिळवलेला बॅज उसवून टाकायचा म्हणजे आईच्या जिवावर येतं. मग एकाखाली एक असे तीन सोपान बाहीवर झळकतात. वरच्या पायरीवर उभा असलेला मुलगा खालच्या पायऱ्या चढूनच आला हे उघड आहे. तेच पुन्हा सांगणारे जुने बॅज घरच्या वहीत चिकटवून ठेवावेत, ती आठवणही चांगली राहते.

उजवी बाही कौशल्याची. प्रथमोपचार, जलतरण, स्वयंपाक, सायकल, दोरांचे पूल बांधणं अशी प्रावीण्य पदकं इथे ओळीने लागतात. ती मात्र काढायची नसतात, वाढवायची असतात. कोल्हापूरकराला या बाहीचं मोल वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगा शहरात शिरली, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्याखाली गेली, तेव्हा पोहता येणं, दोराची गाठ न सुटणारी बांधता येणं, बुडालेल्या माणसाला शुद्धीवर आणता येणं याची किंमत सगळ्यांनी पाहिली. जलतरणाचं पदक बाहीवर असलेल्या मुलाला पोहता येतंच, असा लोकांचा विश्वास त्या एवढ्याशा कापडावर असतो. विकत घेऊन टाचलेलं पदक म्हणूनच नुसती शोभेची गोष्ट उरत नाही. अडचणीच्या वेळी ते दुसऱ्याला फसवू शकतं.

लहानग्यांचं गणितही हेच. कबच्या, म्हणजे लहान मुलग्यांच्या, पायऱ्या चरणांच्या, प्रथम ते चतुर्थ. बुलबुलच्या, म्हणजे लहान मुलींच्या, पंखांच्या, कोमल, रजत, स्वर्ण आणि हीरक. मोठ्या मुलींचा, म्हणजे गाइडांचा, गणवेश वेगळा असला तरी सोपानांची नावं तीच आणि तर्कही तोच. गाइडांना तर जगाचा बॅज पाहायला फार लांब जावं लागत नाही: पुण्याचं ‘संगम’ हे जागतिक गाइड चळवळीच्या मोजक्या केंद्रांपैकी एक, १९६६ पासून सुरू आहे. तिथे देशोदेशीच्या मुली येतात. गणवेश निरनिराळे, भाषा निरनिराळ्या, पण ते त्रिदल सगळ्यांच्या अंगावर.

शिक्षकांच्या गणवेशाची वाचनपद्धत थोडी निराळी आहे. बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स प्रशिक्षणानंतर हिमालय वुड बॅज मिळवलेल्या सरांच्या किंवा बाईंच्या गळ्यात वेगळा स्कार्फ, वेगळा वॉगल आणि चामड्याच्या वादीत दोन लाकडी मणी असतात. १९१९ मध्ये लंडनजवळच्या गिलवेल पार्कमध्ये पहिल्या प्रशिक्षणार्थींना दिलेले मणी बेडन-पॉवेल यांनी आफ्रिकेतून आणलेल्या, झुलू राजा दिनुझुलू याच्याशी जोडल्या जाणाऱ्या माळेतले होते. पदवीच्या चौकटबंद प्रमाणपत्रापेक्षा दोन मण्यांचा मान मोठा वाटावा, ही या चळवळीची रीत.

आता चुकांकडे वळू. पहिली, शिबिरांचे बॅज. जानेवारी २०२३ मध्ये राजस्थानात रोहट इथे अठरावी राष्ट्रीय जांबोरी झाली. अशा मेळाव्याहून परतलेला मुलगा तिथला बॅज वर्षभर मिरवतो. शिबिराचा बॅज शिबिरापुरता, नंतर तो संग्रहात. दुसरी, ऑनलाइन मागवलेले बॅज: आकार मोठा, रंग भडक, अशोकचक्राच्या आऱ्यांचा पत्ता नाही. तिसरी आणि सर्वांत मोठी चूक घाईची. दहावीला सवलतीचे गुण मिळतात म्हणून राज्य पुरस्काराकडे डोळे लावून बसलेले पालक आहेत. चाचणी शिबिरात गाठी विसरलेल्या मुलाची बाही भरलेली असेल, तर दोष शिंप्याचा नाही.

शिंप्याचा दोष एका बाबतीत मात्र खरा. मशीनवर बॅज शिवताना खिशाचा आतला थरही सुईत येतो आणि खिसा कायमचा बंद होतो. स्काउटच्या खिशात डायरी, पेन्सिल, दोरी असायला हवी. म्हणून खिशावरचा बॅज हातानेच शिवावा. आधी शर्टाला इस्त्री करावी, खडूने मध्य काढावा, कच्चा टाका घालून मुलाला शर्ट अंगावर चढवून पाहावा आणि मग कडेने हेम घालावी. दोरा बॅजच्या कडेच्या रंगाचा. लाल अक्षरांची पट्टी शिवण्याआधी एकदा मिठाच्या पाण्यात बुडवून रंग जातो का ते बघावं; गगनबावडा-राधानगरीच्या पावसात शर्ट अंगावरच धुतला जातो. आणि टाके उसवता येतील असेच घालावेत, कारण दहाव्या वर्षी शिवलेला शर्ट तेराव्या वर्षी आखूड होणारच.

गणवेशाची तपासणी खरं तर संघनायकाने आपल्या सात-आठ मुलांची करायची असते; सर फक्त शेवटी नजर फिरवतात. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी हे काम उलटं झालं आहे: आई शिवते, शिक्षक तपासतात आणि मूल नुसतं उभं राहतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडतात, त्याच सुमारास ७ नोव्हेंबरचा स्थापना दिनही असतो. त्या आठवड्यातली एक सभा शाळांनी सुई-दोऱ्याला द्यावी. प्रत्येक मुलाने आपला प्रत्येक बॅज कशाचा, कुणी दिला, या जागी का, हे संघासमोर सांगावं आणि सांगता आलेला बॅज तिथंच स्वतःच्या हाताने शिवावा. सांगता न आलेला पाकिटात परत जावा. काही बाह्या त्या दिवशी कोऱ्या होतील, पण उरलेल्या बॅजवर विश्वास ठेवता येईल.