इस्तंबूल घडविणारे बाल्यान घराणे

बॉस्फरसच्या सामुद्रधुनीतून इस्तंबूलचे जे वैभव दृष्टीस पडते, त्याचा मोठा वाटा बाल्यान या एकाच घराण्याकडे जातो. हे घराणे आर्मेनियन ख्रिस्ती. तरीही ओटोमन सुलतानांनी राजवाड्यांबरोबरच मशिदींचे कामही त्यांच्यावर सोपविले, हे विशेष.

क्रिकोर बाल्यान यांची नुसरेतिये मशीद १८२६ मध्ये पूर्ण झाली. त्यांचे पुत्र गाराबेद आणि नातू निकोगोस यांनी १८५६ मध्ये दोल्माबाहचे राजवाडा साकारला. २८५ खोल्यांच्या या वास्तूचा दर्शनी भाग युरोपीय धाटणीचा. आत मात्र दरबाराची दालने आणि जनानखाना वेगळा ठेवण्याची ओटोमन रीत कायम आहे. दुसरे नातू सार्किस यांच्या नावावर १८६५ चा बेयलरबेयी राजवाडा आहे.

पॅरिसमधील शिक्षण, वडिलांच्या हाताखालील अनुभव आणि राजाश्रय यांच्या बळावर ही परंपरा टिकली. मात्र या डामडौलाचा भार तिजोरीवर पडला. १८५४ पासून परकीय कर्जे काढणाऱ्या साम्राज्याने १८७५ मध्ये दिवाळखोरी पत्करली.

बाल्यान कोणत्या वास्तूचे रचनाकार आणि कोणत्या वास्तूचे केवळ कंत्राटदार, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. शिलालेखांवर गौरव सुलतानांचा होई. त्यामुळे इस्तंबूलच्या जडणघडणीतील आर्मेनियन वाट्याची नोंद घेण्यासाठी हा वाद महत्त्वाचा ठरतो.