धावपट्टीवर रानडुक्कर दिसलं तर

आदिलाबाद शहरालगत निजामाच्या काळातली धावपट्टी आहे. २०२५ मध्ये हवाई दलाने तिथून नागरी विमानसेवेला संमती दिली. अशी बातमी आली की बोलणं होतं ते तिकिटाच्या दराचं आणि हैदराबाद किती जवळ येईल याचं. रानडुकरांचा विषय सहसा निघत नाही. पण बेला-जैनथकडच्या शेतकऱ्याला विचारा. कापूस-सोयाबीनच्या शेतात डुकरं कशी शिरतात हे तो सांगेल, आणि पैनगंगेपलीकडे टिपेश्वरचं जंगल आहे हेही. असं जनावर तारेचं कुंपण बघून परत फिरत नाही. ४ डिसेंबर २०१५ ला जबलपूरला उतरणारं स्पाइसजेटचं विमान रानडुकरांना धडकून धावपट्टीबाहेर गेलं होतं.

अशा वेळी काय करायचं याचा धडा मात्र शिकाऊ वैमानिकांकडे आहे. गोंदियाजवळ बिरसीला, बारामतीला, शिरपूरला मुलंमुली शेतांच्या मधोमध असलेल्या धावपट्ट्यांवर उड्डाण शिकतात. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास लागतात, आणि त्यातला बराच वेळ सर्किटमध्ये जातो: उडायचं, आयताकृती फेरी मारायची, उतरायचं, पुन्हा उडायचं. म्हणजे सतत जमिनीलगत, जिथे पक्षी असतात तिथेच. वर लहान विमानाच्या काचेला पक्ष्याच्या टकरीची चाचणी पार करण्याची सक्तीही नसते. सहा-सातशे ग्रॅमची घार त्या काचेतून आत येऊ शकते.

त्यामुळे काम सुरू होतं ते इंजिन लावण्याआधी. विमानाभोवती फिरून पाहणी करताना इंजिनावरच्या झाकणाच्या फटींत हात घालून बघायचं. साळुंकीला एक दिवस उभं असलेलं विमान पुरतं. काड्या, चिंध्या, गवत असं सगळं ती आत भरते. ते तसंच राहिलं तर हवेत गेल्यावर इंजिन तापतं, कधी पेटही घेतं. मग जीप धावपट्टीवरून एक चक्कर मारते आणि कुत्री, गुरं हाकलते.

कोण कधी येणार, हे आजूबाजूची शेती बऱ्यापैकी सांगते. शेजारी नांगर लागला की मागे गायबगळे. पहिल्या पावसानंतर वाळवी उडते, तिच्यामागे पाखरं. ऊन चढून जमीन तापली की वर जाणाऱ्या हवेवर घारी घिरट्या घालू लागतात. सकाळी लवकर त्यांचा त्रास कमी. टिटवी तर उघड्या खडकाळ जमिनीवरच अंडी घालते, तिला धावपट्टीची कडा म्हणजे आयतं घर. गवताचंही कोडंच आहे. अगदी खुरटं ठेवलं तर टिटव्या-साळुंक्या, वाढू दिलं तर उंदीर-ससे आणि त्यांच्यावर टपलेले शिकारी पक्षी.

आता खरा प्रसंग. विद्यार्थी एकटा आहे, विमान उतरायला आलं आहे, वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला साधारण ३३ मीटर. तीनशे मीटरवर कुत्रं धावपट्टीवर येतं. हातात नऊ सेकंद. सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे त्याला चुकवायला विमान वळवणं. एवढ्या खाली, एवढ्या कमी वेगात पंख कलला तर तो जमिनीला लागेल किंवा विमान उचल गमावून कोसळेल. दुसरी खोड म्हणजे नजर कुत्र्यावरच खिळून राहणं. जिकडे नजर तिकडे हात. म्हणून शिकवतात ते एकच, गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं: थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) पूर्ण पुढे, पंख सरळ, नाक चढाईच्या कोनात, विमान वर जातंय याची खात्री, मग फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) टप्प्याटप्प्याने वर. घाईने एकदम फ्लॅप उचलले तर विमान खाली बसतं. टॉवरला सांगायचं ते या सगळ्यानंतर. कुत्र्यासाठी फेरी फुकट गेली म्हणून कोणी रागावत नाही. रागावलंच तर तो इन्स्ट्रक्टर बदलावा.

उड्डाणाच्या वेळी हिशेब वेगळा. चाकं जमिनीवर आहेत, वेग अजून कमी आहे आणि पुढे पट्टी शिल्लक आहे, तोवर थ्रॉटल मागे आणि ब्रेक. म्हणून कुठपर्यंत थांबता येईल ती जागा निघण्याआधीच मनात ठरवायची. धावताना ठरवायला वेळ मिळत नाही.

हवेत थवा समोर आला तर? घाबरलेला पक्षी बहुधा खाली सूर मारतो, त्यामुळे वेग पुरेसा असेल तर वर जाणं बरं. लँडिंग लाइट चालू ठेवतात, म्हणजे पक्ष्याला विमान लवकर दिसेल. हा त्रास विमानाइतकाच जुना आहे: ७ सप्टेंबर १९०५ ला ऑर्विल राइटने मक्याच्या शेतावर पक्ष्यांच्या थव्याचा पाठलाग केला आणि एक पक्षी मारला. आजच्या विद्यार्थ्याने त्याचं अनुकरण करू नये.

टक्कर झालीच, तर आधी विमान उडवत राहायचं. वेगदर्शक काटा शून्यावर गेला तर घाबरायचं नाही. हवेचा दाब मोजणारी पिटो नळी पिसांनी बुजली असेल. इंजिनाचा आवाज आणि नाकाचा कोन यांवर भरवसा ठेवून परत यायचं.

भारतीय नियमांनुसार विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरं कापायला आणि कचरा टाकायला बंदी आहे. नियम १९३७ च्या विमान नियमावलीतला आहे, जुना आणि शहाणा. पण गावाचा उकिरडा हलवायला नियमापेक्षा ग्रामपंचायत जास्त उपयोगी पडते. तिला काय सांगायचं ते पक्षी कोणता होता यावरून ठरतं, म्हणून उतरल्यावर प्रोपेलरला चिकटलेली पिसं पुसून टाकायची नसतात. ती पिशवीत घालून अहवालासोबत ठेवायची. घार निघाली तर कचऱ्याकडे बघायचं, गव्हाणी घुबड निघालं तर गवतातल्या उंदरांकडे.