चांद्रयान, कृष्णेचा पूर आणि सव्वीस पैसे

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फूट गाठले, तेव्हा २२ जुलैला श्रीहरिकोट्याहून निघालेले ‘चांद्रयान-२’ अद्याप पृथ्वीभोवतीच फेऱ्या घालीत होते. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली, क्षमतेहून अधिक माणसे भरलेली नाव उलटली आणि डझनाहून अधिक जीव गेले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या माण तालुक्यातील जनावरे चारा छावण्यांत उभी होती. चंद्रावर यान धाडणाऱ्या देशाला एका गावापर्यंत धड होडी पोहोचविता येऊ नये, हा त्या दिवसांतला संताप स्वाभाविक होता. परंतु त्या संतापातून अंतराळ कार्यक्रमच बंद करावा असा निष्कर्ष काढायचा, तर आधी हिशेब मांडला पाहिजे.

२०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात अंतराळ विभागासाठी सुमारे १३,४१६ कोटी रुपयांची तरतूद होती. एकूण खर्च ५० लाख ६५ हजार कोटींचा. म्हणजे सरकारने खर्चिलेल्या शंभर रुपयांत अंतराळाच्या वाट्याला सव्वीस पैसे आले. दरडोई पाहू गेल्यास वर्षाला शंभर रुपयांहूनही कमी. ब्रह्मनाळच्या होडीचा पैसा चांद्रयानाने खाल्ला नव्हता. ती होडी वेळेवर न मिळणे हा जिल्हा व राज्य पातळीवरील व्यवस्थेचा दोष होता, आणि इस्रोला टाळे ठोकले असते तरी तो दूर झाला नसता. अर्थशास्त्रात ज्याला वैकल्पिक खर्च म्हणतात, त्याचा विचार करताना हा पैसा वाचला असता तर तो खरोखर कोठे गेला असता, हे विचारावे लागते.

खरा प्रश्न निराळाच आहे. हेच काम परक्याकडून स्वस्तात होत असेल तर ते स्वतः का करावे? पूर येतो तेव्हा आभाळ ढगांनी भरलेले असते आणि साध्या छायाचित्रण उपग्रहाला खाली केवळ ढग दिसतात. ढगांतून आरपार पाहावयाचे तर रडारचा उपग्रह हवा. युरोपच्या ‘सेंटिनेल-१’ या रडार उपग्रहांची चित्रे जगाला फुकट मिळतात. मग भारताने शेकडो कोटी खर्चून तसाच उपग्रह का सोडावा, असे कोणी म्हटले तर तो युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

मात्र फुकट मिळणाऱ्या वस्तूचा भरवसा किती, हे इतिहास सांगतो. अमेरिकेच्या ‘लँडसॅट’ची चित्रे १९८० च्या दशकात खाजगी कंपनीच्या हाती गेली आणि त्यांच्या किमती कित्येक पटींनी चढल्या, २००८ पासून ती पुन्हा मोफत झाली. सेंटिनेलच्या जोडीतला एक उपग्रह २०२१ च्या डिसेंबरात निकामी झाला आणि त्याच्या जागी दुसरा जाईपर्यंत तीन वर्षे लोटली. यात कोणाचाही दुष्टावा नव्हता. दात्याच्या निर्णयात घेणाऱ्याला मत नसते, एवढेच.

दुष्टावा म्हणावा असा प्रसंगही घडला आहे. क्रायोजेनिक इंजिनांसाठी १९९१ मध्ये रशियाशी झालेला करार अमेरिकेच्या दडपणाखाली १९९३ मध्ये आकुंचित झाला. तंत्रज्ञान मिळालेच नाही. भारतीय बनावटीचे इंजिन घेऊन जीएसएलव्ही यशस्वीपणे उडण्यास २०१४ चा जानेवारी उजाडला. वीस वर्षे! विलंबाची ही किंमत जबर होती. परंतु ३० जुलै २०२५ रोजी त्याच जातीच्या अग्निबाणाने ‘निसार’ हा उपग्रह कक्षेत नेला आणि त्यावर अमेरिकेचे एक व भारताचे एक अशी दोन रडारयंत्रे होती. ज्याने तंत्र नाकारले तोच भागीदार म्हणून आला. हाती स्वतःचे काही असल्याखेरीज अशी भागीदारी कोणी देत नाही.

येथवर उत्तर कार्यक्रमाच्या बाजूने जाते. पण कार्यक्रम असावा म्हणजे त्यातील प्रत्येक खर्च योग्य, असे होत नाही. भारताचा ‘रिसॅट-१’ हा रडार उपग्रह २०१२ मध्ये पाच वर्षांच्या अपेक्षेने गेला आणि मुदत पुरी होण्याआधीच निरुपयोगी झाला. त्याची जागा घेणारा ‘ईओएस-०४’ गेला तो १४ फेब्रुवारी २०२२ ला. मधल्या काळात सांगलीने २०१९ चा आणि २०२१ चा असे दोन महापूर सोसले. २०१९ च्या मे महिन्यात ‘रिसॅट-२बी’ सोडला होता हे खरे; पण लहान टापू बारकाईने न्याहाळणे हा त्याचा गुण, अवघे खोरे एका दृष्टिक्षेपात टिपणे हा नव्हे. विक्रम साराभाईंनी या कार्यक्रमाचे समर्थन करताना चंद्र-ग्रहांच्या स्पर्धेत श्रीमंत राष्ट्रांशी झुंजण्याची आकांक्षा नाकारली होती आणि प्रगत तंत्र समाजाच्या कामी लावण्यात मात्र मागे राहू नये, असे बजावले होते. ‘गगनयान’ व अंतराळ स्थानकाच्या पहिल्या भागासाठी २०२४ च्या सप्टेंबरात मंजूर झालेली एकूण रक्कम २०,१९३ कोटींची आहे, म्हणजे अवघ्या विभागाच्या वर्षभराच्या तरतुदीहून अधिक. माणूस अंतराळात जाण्यास हरकत नाही. परंतु पुराच्या ढगांतून पाहणारा उपग्रह बंद पडताच दुसरा तयार असावा, ही गोष्ट त्याआधीची. ‘चांद्रयान-३’ चा खर्च सुमारे ६१५ कोटी होता. त्याला नाके मुरडणाऱ्यांनी आपली नजर या मोठ्या आकड्याकडे वळविली तर बरे.

उरला तो जमिनीवरचा भाग, आणि दुर्लक्ष होते ते येथेच. नवजा-महाबळेश्वरला कोसळलेला पाऊस कोयना-कृष्णेच्या वाटेने कराडच्या संगमावरून सांगलीला येईपर्यंत मोलाचे तास हाती असतात. पुराने व्यापलेल्या प्रदेशाचे नकाशे हैदराबादचे राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र बनविते. आयर्विनपाशी पाणी किती फुटांवर गेले की भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ येथील कोणती आळी बुडते आणि बाहेर पडण्याचा रस्ता कधी बंद होतो, याचा गावनिहाय तक्ता मागल्या पुरांच्या त्या चित्रांवरून करता येतो. तो मराठीत छापून पावसाळ्याआधी प्रत्येक चावडीवर लावण्यास एखाद्या तालुक्याला जो खर्च येईल, तो अंदाजपत्रकात शोधूनही सापडणार नाही इतका अल्प असेल.