पेंटरची शिडी कुणी काढली?

धुळ्यात पांझरेवरचा पूल ओलांडून देवपुरात शिरलं, की दत्तमंदिर चौकापासून वाडीभोकर रोडपर्यंत फ्लेक्सच फ्लेक्स. वाढदिवसाच्या शुभेच्छा, क्लासचे गुणवंत, कानबाईच्या उत्सवाचं निमंत्रण, कुणाला भावपूर्ण श्रद्धांजली; सुख आणि दुःख दोन्ही एकाच प्लास्टिकच्या कापडावर. ब्रशने रंगवलेली पाटी आता शोधावी लागते. एखाद्या जुन्या शटरवर, पिठाच्या गिरणीवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ती सापडते, आणि तिच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत रंगवणाऱ्याची सहीही असते. फ्लेक्सच्या कोपऱ्यात असतो तो प्रिंटिंगवाल्याचा मोबाइल नंबर.

एआय कलाकारांच्या पोटावर पाय आणणार का, यावर गेली दोन-तीन वर्षं चर्चासत्रं झडत आहेत. खानदेशातल्या पेंटरच्या पोटावर पाय पडून मात्र वीसेक वर्षं झाली. तेव्हा चर्चासत्र कुणी भरवलं नव्हतं.

हे काम काय होतं ते आजच्या मुलांना सांगावं लागेल. आधी पाटीला अस्तर, मग खडू लावलेली दोरी ताणून मारलेल्या रेघा, त्या रेघांत बसवलेली अक्षरं आणि शेवटी ऑइल पेंट. वेलांटी किती फिरवायची, जोडाक्षर कुठे दाबायचं, लाल अक्षराला पिवळी सावली द्यायची की काळी, हे हातात मुरायला वर्षं जायची. शिकाऊ पोरगा आधी ब्रश धुवायचा, शिडी धरायचा, मग नंबरप्लेट रंगवायचा आणि पुढे कधीतरी दुकानाची पाटी. पैसे थोडे मिळायचे, पण शिकता शिकता मिळायचे. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता ‘बाबूराव पेंटर’ झाले आणि पुढे त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवली. मोठ्या कलाकाराच्या चरित्रात पहिल्या दोन पानांवर उरकली जाणारी ही किरकोळ कामं म्हणजे चढायच्या शिडीची खालची पायरी होती.

फ्लेक्सने नेमकी तीच पायरी काढली. यात दोष यंत्राचा की माणसांचा, हा प्रश्न त्या जुन्या प्रकरणावर तपासून पाहणं सोपं जातं, कारण तिथे निकाल लागून गेलेला आहे. इंकजेट यंत्र आपल्या पायांनी धुळ्याला आलं नाही. दुकानदाराला पाटी तासाभरात हवी होती आणि पुढाऱ्याला स्वतःचा फोटो हुबेहूब हवा होता. मालमत्ता विद्रूप करण्याला आळा घालणारा राज्याचा कायदा १९९५चा. त्याने आणि निवडणूक आचारसंहितेने भिंती रंगवण्यावर बंधनं आणली. कारण रास्त होतं, पण पेंटरचा निवडणुकीतला हंगाम गेला. बेकायदा फलकांवर कारवाईचे कडक आदेश मुंबई उच्च न्यायालयाने साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर २०१७ साली दिले. आदेश झाले, चौकाचौकांतले फलक कुणाच्याही डोळ्यांसमोर आहेत. ब्रशला कायदा लागला आणि प्लास्टिकला लागला नाही, ही करामत कुठल्याही यंत्राची नव्हे.

आता पाळी फ्लेक्सच्या दुकानात कोरलड्रॉ आणि फोटोशॉप घेऊन बसणाऱ्या डिझायनरची. गिऱ्हाईक मोबाइलवर एआयने केलेलं चित्र घेऊनच येतं आणि ‘भाऊ, फक्त छापून द्या’ म्हणतं. जोडाक्षरं अजून बऱ्याचदा फिसकटतात, तेवढी दुरुस्त करायला डिझायनर लागतो. पेंटरची जागा घेणाऱ्याला आता तोच अनुभव आला म्हणून टाळ्या वाजवायचं कारण नाही. त्यानेही कर्ज काढून कॉम्प्युटर घेतलेला असतो.

‘तंत्रज्ञान बदलतं, कला टिकते’ असं यावर हमखास ऐकवलं जातं. ते निम्मंच खरं आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस काढला आणि देवदेवतांच्या रंगीत तसबिरी गरिबाच्या घरापर्यंत पोहोचल्या. त्याच्या भरीला खानदेशचा दाखला म्हणून चाळीसगावच्या केकी मूस यांचं नाव घेतलं जातं. कॅमेऱ्याला शत्रू न मानता त्यांनी टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून चित्रासारखी छायाचित्रं काढली. पण मूस इंग्लंडला जाऊन कला शिकून आलेले होते. नंबरप्लेटवर घर चालवणाऱ्याला त्यांचं उदाहरण देणं ही थट्टा झाली.

जास्त उपयोगी दाखला वादकांचा आहे. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि मूकपटांना पडद्याजवळ बसून साथ देणाऱ्या पेटी-तबलावाल्यांचे दिवस भरले. अमेरिकेतही बोलपटांनी हेच केलं, आणि पुढे रेकॉर्डवरच्या गाण्यांनी भर घातली. तिथल्या वादकांची संघटना मात्र गप्प बसली नाही. जेम्स पेट्रिलो या तिच्या अध्यक्षाने ऑगस्ट १९४२पासून रेकॉर्डिंगवर बहिष्कार पुकारला आणि तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला. अखेर प्रत्येक रेकॉर्डमागे ठरावीक रक्कम संघटनेच्या निधीत भरायला कंपन्या तयार झाल्या. त्या पैशातून बेकार वादकांना काम देऊन लोकांसाठी फुकट मैफली होऊ लागल्या. रेकॉर्ड बंद पडली नाही. तिच्या नफ्यातला वाटा वादकाला मिळाला. २०२३ साली हॉलिवूडच्या लेखकांनी १४८ दिवस संप करून एआयबाबतच्या अटी करारात लिहून घेतल्या, तोही याच वळणाचा लढा.

एआयचा मामला एका बाबतीत फ्लेक्सहून वेगळा आहे. फ्लेक्सच्या यंत्राने पेंटरची अक्षरं चोरली नव्हती. एआय घडलं तेच कलाकारांच्या कामावर. २०२२ साली आलेल्या ‘स्टेबल डिफ्यूजन’ या चित्रं काढणाऱ्या एआयला शिकवायला इंटरनेटवरून गोळा केलेला चित्रांचा साठा वापरला गेला; ‘लायन’ या संस्थेच्या त्या संग्रहात चित्र आणि मजकुराच्या ५८५ कोटी जोड्या होत्या. चित्रकारांना कुणी विचारलं नव्हतं. पुस्तकांचंही तसंच. अँथ्रोपिक या कंपनीने चोरट्या संकेतस्थळांवरून पुस्तकं उतरवून घेतल्याचा दावा अमेरिकेत चालला आणि सप्टेंबर २०२५मध्ये कंपनीने दीड अब्ज डॉलर देऊन तो मिटवला. पुस्तकामागे साधारण तीन हजार डॉलर. विचारायचं नाही, असं कुणीतरी बसून ठरवलेलं असतं.

आपल्याकडेही हिशेब असाच मांडता येतो. ‘रांझणा’ या चित्रपटाची तमीळ आवृत्ती ऑगस्ट २०२५मध्ये पुन्हा प्रदर्शित झाली ती एआयने बदललेल्या शेवटासह. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि धनुष दोघांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली. हक्क आमचे, असं निर्मात्या कंपनीचं म्हणणं. मूळ शेवटात मेलेला नायक यंत्राने आपण होऊन जिवंत केला नव्हता. उलट ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’मध्ये दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले, पण कुटुंबीयांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. तंत्र एकाच जातीचं, वागणूक दोन तऱ्हांची.

म्हणून दोष माणसांचाच, पण सगळ्या माणसांचा सारखा नाही. पाटीचे चार पैसे वाचवणारा देवपुरातला चहावाला आणि कोट्यवधी चित्रं न विचारता उचलणारी कंपनी यांना एका तराजूत घालता येणार नाही. बचावाची साधनंही सारखी वाटलेली नाहीत. अरिजित सिंग यांना २०२४मध्ये आणि आशा भोसले यांना २०२५मध्ये एआयने केलेल्या आवाजाच्या नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने संरक्षण दिलं. ते योग्यच झालं. पण ज्याचं नावच कुणाला ठाऊक नाही, त्याच्या अक्षराच्या वळणासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? केंद्राच्या उद्योग विभागाने डिसेंबर २०२५मध्ये मांडलेल्या प्रस्तावानुसार एआय कंपन्यांना कलाकृती वापरण्याचा सरसकट परवाना मिळेल आणि त्यांनी उत्पन्नातून रॉयल्टी द्यायची. नाही म्हणायचा हक्क मात्र कलाकाराला राहणार नाही. हा पैसा जमला तरी तो बड्या नावांच्या पलीकडे, शिडीच्या खालच्या पायरीपर्यंत उतरेल अशी सोय कायद्यातच करावी लागेल.

त्या पायरीचं नुकसान एआय यायच्या कितीतरी आधी शाळेत सुरू झालं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला शिकवणारा आहे तो ‘अंशकालीन’, म्हणजे अर्धवेळ निदेशक. तोही शाळेत शंभराहून अधिक मुलं असतील तरच. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा देऊन दहावीचे वाढीव गुण मिळवायला पालक उत्सुक असतात. ती चित्रकला शिकवायला पूर्णवेळ माणूस हवा, ही मागणी फारशी ऐकू येत नाही. पुढच्या पालकसभेत तेवढं विचारून पाहावं: आपल्या शाळेत चित्रकलेचे सर आहेत का, आणि त्यांना पगार पूर्ण मिळतो का?