बाळ सांभाळायला ठेवलं, इन्सुलिन टोचायला लावलं

रविवारी विहारात वंदना झाली की बायका सतरंजीवर तशाच बसून राहतात आणि माझा खरा दवाखाना सुरू होतो. कुणाचं बीपी, कुणाचा रक्ताचा रिपोर्ट, कुणाच्या पोराचा खोकला. मागच्या महिन्यात ताडीवाला रोडची एक ताई कंबर धरून आली. पस्तिशीची असेल. कल्याणीनगरला एका घरी बाळ सांभाळायला जाते. कंबरेचं सांगून झालं, उठता उठता हळूच म्हणाली, "सिस्टर, आजोबांना सुई देताना माझा हात लई थरथरतो. काय करू?"

मी विचारलं, कसली सुई? तर शुगरची. इन्सुलिन.

मी तिला परत खाली बसवलं.

दोन वर्षांपूर्वी ती लागली तेव्हा ठरलं होतं एवढंच: सकाळी ८ ते रात्री ८, पाच महिन्यांचं बाळ, महिना १२,००० रुपये. बाळाची मालिश, आंघोळ, दूध, लंगोट, झोप. पुढे सुरू झालं "ताई, जरा". ताई, जरा बाळाचे कपडे धुताना आमचेही मशीनला लावा. ताई, जरा कुकर लावा. थोरलीला बसवर सोडा. गावाहून आजोबा आले, मग त्यांच्या गोळ्या आणि मग सुई. सात किलोचं बाळ आता बारा-तेरा किलोचं झालं, आजही कडेवरच आहे. पगार तिथंच.

या "जरा"ची मला चांगली ओळख आहे. खाजगी हॉस्पिटलात मी नाईट करायचे तेव्हा "सिस्टर, जरा" म्हणत आयाचं, वॉर्डबॉयचं आणि बिलाच्या खिडकीचंही काम आमच्याच गळ्यात पडायचं. पण निदान माझ्या हातात डिप्लोमा होता. चूक झाली तर कुठं झाली ते मला कळत होतं. या ताईला ते कुणी शिकवलंच नाही.

म्हणून आधी सुईबद्दल सांगते. इन्सुलिन दोन ताकदींचं मिळतं. एका मिलीत ४० युनिटवालं आणि १०० युनिटवालं. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. १०० च्या बाटलीतलं औषध ४० च्या सिरिंजने भरलं, तर २० युनिटच्या रेषेवर २० नाही, ५० युनिट जातात. अडीचपट! साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस भलतंसलतं बोलतो, बेशुद्ध पडतो, जीवही जाऊ शकतो. आणि त्या दिवशी घरात कोण असतं? ती आणि बाळ.

तापाच्या औषधाचंही तसंच. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत साधारणपणे एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं. साध्या सिरपमध्ये पाच मिलीत १२५. "पाच मिली द्या" असं फोनवर सांगितलं आणि हातात थेंबांची बाटली आली, तर बाळाला चौपट औषध गेलं. बाटलीवरचं सगळं इंग्रजीत. नंतर विचारणार कुणाला, बाईलाच. पोलीस ठाण्यातही तिलाच बसवतील.

तेव्हा ताई, सुई आणि नेब्युलायझर यांना सरळ नाही म्हणा. "मला हे शिकवलेलं नाही" एवढं वाक्य पुरे. तोंडाने द्यायचं औषध असेल तर किती, कधी, कोणत्या बाटलीतून, हे घरच्यांनी मराठीत कागदावर लिहून द्यावं आणि बाटलीवर खूण करून ठेवावी. फोनवर सांगितलेलं चालणार नाही.

आता पैशाचं. तिच्याबरोबर मी हिशेब मांडला. रोज १२ तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ३१२ तास. बारा हजाराला भागलं तर तासाला ३८ रुपये. ती बघतच राहिली. तुम्हीही तुमचा आकडा घालून बघा. १९४६ साली कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. बाबासाहेब तेव्हा मजूर खात्याचे सदस्य होते, विधेयक त्यांनीच मांडलं होतं. हिचा आठवडा आज ७२ तासांचा आहे.

कायदा काय म्हणतो? २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात नोंदणी आणि कल्याणाच्या योजना आहेत. पगार किती हवा, ते मात्र त्यात नाही. तरी कामगार कार्यालयात नोंदणी करून घ्या, ओळख कागदावर येते. घरात कुणी अंगचटीला आलं तर २०१३ च्या लैंगिक छळाच्या कायद्यात मालकाचं घरही कामाची जागा धरलं आहे. जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

पगाराची बोलणी आपल्यालाच करायची आहेत. त्याच सोसायटीत पोळ्यांच्या बाईला वेगळे पैसे मिळतात, कपड्यांच्या बाईला वेगळे. मग तेच काम बाळाच्या बाईने केलं तर फुकट का? एका गेटमधून आत जाणाऱ्या बायकांनी आपापसात दर बोलून ठेवला तर एकीला पाडून बोलणं अवघड जातं. लागतानाच चिठ्ठी करा: तास, कामं, आठवड्याची सुट्टी, खाडा किती कापणार, रात्री थांबलं तर किती. फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

मॅडम वाईटच असतात असं मी म्हणत नाही. तीही आठला घर सोडते, रात्री दमून येते. पण तिच्या दमण्याचा भार हिच्या कंबरेवर का? कंबरेसाठी एवढंच: मूल उचलताना गुडघे वाका, कंबरेतून नाही, आणि मूल खुर्चीवर चढवून मग कडेवर घ्या. लघवी दिवसभर धरू नका. निम्म्या बायकांची जळजळ तिथूनच येते. बाथरूम वापरू देत नसतील तर ती गोष्टही लागतानाच बोला.

ताईने चिठ्ठी लिहिली, लेकीकडून दोनदा उतरवून घेतली. मॅडम पहिल्यांदा चिडल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी २,००० वाढवले. आजोबांची सुई आता मुलगा ऑफिसला जायच्या आधी स्वतः देतो. रविवारची सुट्टी मिळाली, म्हणून ती विहारात वेळेवर दिसते. कुकर मात्र अजून तीच लावते. म्हणाली, "त्याचं पुढच्या महिन्यात बोलते, सिस्टर."