पंचवीस नंबरचा पोर्ट

कोलकात्यात 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाची इंटरनेट सेवा सुरू झाली, तेव्हा डलहौसीतल्या कचेऱ्यांची मेल निगमाच्याच यंत्रावर पडून असायची. टेलिफोन लावायचा, मोडेमची किरकिर ऐकायची, आलेलं टपाल उतरवून घ्यायचं. आज त्याच भागातली एखादी चहाच्या दलालाची कचेरी मनात आणलं तर स्वतःचं टपालखातं चालवू शकते. चांदनी चौकाच्या बाजारातून आणलेला जुना संगणक, त्यावर लिनक्स, आणि मेल हाताळणारी पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट ही सॉफ्टवेअरं, एवढ्यात भागतं. खरी परीक्षा कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या राउटरपाशी होते.

कारण कचेरीतल्या सर्व्हरचा पत्ता असतो 192.168.1.10 असा काहीतरी. तो फक्त घरगुती. बाहेरच्या जगात त्याला कोणी ओळखत नाही. इंटरनेटचे जुने पत्ते जेमतेम 430 कोटी. ते पुरणार नाहीत हे दिसू लागलं, तेव्हा 1994 मध्ये नॅटची युक्ती कागदावर आली: सगळ्या कचेरीला मिळून एकच सार्वजनिक पत्ता, आणि तो राउटरकडे. आतून कोणी बाहेर गेलं की राउटर नोंद ठेवतो आणि उत्तर ज्याचं त्याला पोचवतो. न बोलावता आलेल्याला मात्र तो जुन्या वाड्याच्या दरवानासारखा फाटकावरूनच परत पाठवतो. आणि मेल तर नेहमी न बोलावताच येते.

म्हणून राउटरला सांगून ठेवायचं: 25 नंबरच्या पोर्टवर, म्हणजे मेलच्या दारावर, आलेलं सगळं 192.168.1.10 कडे. हा आकडा मेलच्या नियमावलीतला. जॉन पोस्टेल यांनी ती 1982 मध्ये लिहिली. राउटरच्या पानावर चारच रकाने भरायचे असतात: बाहेरचा पोर्ट, आतला पत्ता, आतला पोर्ट आणि प्रोटोकॉल, म्हणजे टीसीपी. त्याआधी सर्व्हरचा आतला पत्ता कायमचा बांधून घ्यावा. नाहीतर वीज जाऊन आली की तो पत्ता प्रिंटरला मिळायचा आणि गिऱ्हाइकांची पत्रं प्रिंटरच्या दारात जायची. घरून मेल पाहणाऱ्यांसाठी 993 आणि पाठवणाऱ्यांसाठी 587 उघडावा, आणि तिथे थांबावं. वैतागून ‘डीएमझेड’वर टिचकी मारणारे थोडे नसतात, तसं केलं की सर्व्हरची सगळीच दारं उघडी पडतात. एकटा 25 उघडला तरी थोड्याच वेळात लॉगमध्ये परक्या पत्त्यांची रांग लागते. सर्व्हर कोणाचीही मेल कोणालाही पुढे पाठवत असेल, तर भामटे त्याचा ताबा घेतात आणि कचेरीचं नाव काळ्या यादीत जातं.

सगळं बिनचूक भरूनही मेल येत नाही, तेव्हा राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता पाहावा. तो 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर ब्रॉडबँडवाल्याने अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला आहे. मग आपल्या राउटरवर कितीही रकाने भरा, वरचं फाटक आपल्या हातात नाही. जादा पैसे मोजून स्थिर आयपी घ्यायचा, हाच सरळ इलाज. त्याचबरोबर त्या पत्त्यावरून आपलं नाव उलट शोधता येईल अशी नोंदही मागून घ्यायची. ती नसली, की मोठ्या मेल कंपन्या आपलं पत्र एकतर नाकारतात किंवा स्पॅममध्ये टाकतात. पोर्ट उघडणं पाच मिनिटांचं काम. नाव कमवायला महिने जातात. एवढा खटाटोप करण्यापेक्षा एखाद्या मेल कंपनीची वर्गणी भरून मोकळं व्हावं, असं बहुतेकांना वाटतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही आहे.

पण मेलच्या या जुन्या पद्धतीची एक बाजू कोलकात्याच्या हवेत उठून दिसते. 20 मे 2020 ला अम्फान चक्रीवादळ शहरावरून गेलं. झाडं तारांवर पडली, काही भागांत कित्येक दिवस वीज नव्हती, इंटरनेटही नव्हतं. अशा वेळी मेल लगेच हरवत नाही. समोरचा सर्व्हर उघडत नाही असं दिसलं, की पाठवणारा पत्र रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. निदान चार-पाच दिवस तरी करत राहावा, असं मेलची सुधारित नियमावलीच सांगते. त्या मुदतीत वीज आली तर अडकलेलं टपाल आपोआप येऊन पडतं. मात्र विजेच्या झटक्याने राउटरच गेला, तर नव्या यंत्राला 25 नंबरचं काहीच ठाऊक नसतं. सेटिंगची फाईल उतरवून ठेवली असेल आणि नवा राउटर त्याच जातीचा असेल, तर काम दहा मिनिटांचं. नसेल, तर चारही रकाने पुन्हा हाताने भरायचे.