कोल्हापूर प्रकरण आणि लोकहिताचा बचाव

सिंदखेडराजा, देऊळगांवराजा, मेहकर या बाजूचीं जुनीं दप्तरें चाळणाऱ्या संग्राहकापुढें केव्हां ना केव्हां हा प्रश्न उभा राहतोच, कीं एखाद्याच्या लौकिकास बाध आणणारा कागद हातीं आला तर तो छापावा काय? कायदा याविषयीं काय म्हणतो, तें वर्तमानपत्रकारांवरील एका जुन्या खटल्यावरून चांगलें उमजतें.

सन १८८१ च्या जानेवारींत 'केसरी' व 'मराठा' हीं पत्रें निघालीं. कोल्हापूरचे तरुण छत्रपति चौथे शिवाजी यांचा कारभारी रावबहादुर माधवराव बर्वे यांजकडून छळ होतो, असा आरोप या पत्रांनीं केला. बर्वे यांच्या हातचीं म्हणून पुण्यांत दाखविण्यांत आलेलीं कांहीं पत्रें या लेखनाच्या मुळाशीं होतीं. बर्वे यांनीं मुंबईस फिर्याद केली. पत्रें बनावट ठरलीं. संपादकांनीं माफी मागितली, तरी ता. १७ जुलै १८८२ रोजीं टिळक व आगरकर यांस प्रत्येकीं चार महिन्यांची साधी कैद झाली. आगरकर म्हणजे ज्यांचें शालेय शिक्षण आमच्या शेजारच्या अकोल्यास झालें तेच. डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढून दोघे २६ ऑक्टोबरास सुटले. महाराज १८८३ च्या डिसेंबरांत अहमदनगरास, पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटीनंतर वारले. त्यांच्याविषयींची लोकांची कळकळ अनाठायी नव्हती. कागद मात्र खोटे होते.

आतां कायदा पाहूं. मेकॉलेच्या मूळ मसुद्यांत आरोप खरा असणें एवढाच बचाव पुरेसा होता. १८६० च्या दंडसंहितेनें कलम ४९९ च्या पहिल्या अपवादांत त्यास दुसरी अट जोडली: आरोप खरा हवा, आणि तो प्रसिद्ध करणें लोकहिताचें हवें. पत्रें बनावट ठरतांच हा आधार गेला. उरतो तो नववा अपवाद. तेथें आरोप खरा ठरलाच पाहिजे असें नाहीं. तो सद्भावानें, आपल्या वा इतरांच्या हितरक्षणार्थ किंवा लोकहितार्थ केलेला असला म्हणजे पुरे. परंतु कलम ५२ म्हणतें कीं, योग्य दक्षता व अवधान यांवांचून केलेलें कांहींही सद्भावाचें नव्हे. मनाची शुद्धता म्हणजे सद्भाव, असा लौकिक समज आहे. कायद्यास तो मान्य नाहीं.

ही दक्षता संग्राहकास परकी नाहीं. कागद कोणाच्या घरून आला, मूळ कीं नक्कल, त्याच हातचे निर्विवाद कागद ताडून पाहिले काय, शिक्का व कालोल्लेख जुळतात काय, हे प्रश्न आपण मोडी रुमाल सोडतांना विचारतोंच. अशा चौकशीचें टिपण त्याच वेळीं करून ठेवावें.

'मेलेल्याची कसली अब्रू' असेंही कोणी म्हणतात. तें बरोबर नाहीं. मृताविषयींचा आरोप, तो जिवंत असतां त्याच्या लौकिकास बाधक ठरला असता आणि कुटुंबीयांचीं वा निकट आप्तांचीं मनें दुखविण्याच्या हेतूनें केलेला असला, तर तोही गुन्हा होऊं शकतो. वंशज हयात असलेल्या घराण्याचे कागद छापणाऱ्यानें हें कलम मुळांतून वाचावें. अपवाद अर्थात् त्यासही लागू आहेत.

सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं हा फौजदारी कायदा घटनासंमत ठरविला. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली. तींत हा विषय कलम ३५६ खालीं येतो. सर्व अपवाद कायम आहेत. दोन वर्षांपर्यंतची साधी कैद, दंड किंवा दोन्ही यांच्या जोडीस समाजसेवेची शिक्षा हा पर्याय तेवढा नवा आहे.